गनप्ला जोडताना: निपर, घासणी आणि रेषा

गनप्ला म्हणजे ‘गंडम’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या यंत्रमानवांचे प्लास्टिकचे जोडसंच. कथेतला मूळ गंडम 18 मीटर उंच, म्हणून 1/144 मापाचा संच जोडून झाला की साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास भरतो. बंडाई ही जपानी कंपनी हे संच 1980 पासून काढते आहे. आताच्या संचांना गोंद लागत नाही, भाग खटकन बसतात.

भाग प्लास्टिकच्या चौकटीला देठांनी जोडलेले येतात; कसब लागतं ते त्यातून सोडवताना. निपर (कापायची छोटी पक्कड) थेट भागाला टेकवून कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो. गडद निळ्या भागावर तो फारच खुपतो. आधी 3-4 मिलिमीटर देठ ठेवून कापा. मग पात्याची सपाट बाजू भागाकडे धरून अर्धा मिलिमीटर ठेवा. उरलेला उंचवटा 400, 600, 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने याच क्रमाने घासा. कपाळावरच्या शिंगाच्या टोकाला सुरक्षेसाठी सोडलेला जाड तुकडाही असाच उतरवा. चेहरा लगेच धारदार दिसतो!

रेषा उठून दिसाव्यात म्हणून खाचांत थिनरने पातळ केलेला इनॅमल रंग सोडायचा तर भाग सुटे असतानाच. घट्ट बसलेल्या सांध्यात थिनर झिरपला की प्लास्टिक तडकतं. तिथे बारीक टोकाचा मार्करच बरा.

मॅट स्प्रे दमट हवेत मारू नका, पांढुरकी झाक येते.