तहान लागलीच नाही, तीच चूक

चार दिवसांचा ट्रेक, शेवटचा मुक्काम साधारण 4,000 मीटरवर. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. घाम दिसत नव्हता, घसा मागत नव्हता. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, लघवी गडद पिवळी झाली, तेव्हा उलगडा झाला.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच असतो. श्वास भराभर चालतो आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर अंगातला ओलावा बाहेर पडतो. घामही येतो, पण कोरड्या वाऱ्यात अंगावर टिकत नाही. उंचीवर आणि थंडीत लघवीही जास्त होते. आणि नेमकी थंडीतच तहान मंदावते. म्हणून तहानेची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या.

जिभेचं वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून सगळं जेवण अळणी लागायला लागलं. तोंड कोरडं पडलं की लाळ कमी, आणि पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय चव कळत नाही. थंड, कोरड्या हवेने नाक बंद झालं होतं, त्यामुळे वासही गेला. नेहमीचे गोड खाऊ नकोसे झाले, खारट-आंबट मात्र हवंहवंसं वाटलं. घामावाटे मीठ गेलं की अशी ओढ लागू शकते. तेव्हा पिशवीत निव्वळ गोड खाऊ भरू नका.

सोबतच्या एकाला डॉक्टरांनी ॲसिटाझोलामाइड, म्हणजे उंची बाधू नये म्हणून घ्यायचं औषध, दिलं होतं. त्याला सोडा विचित्र, बेचव लागला. हा त्या औषधाचाच परिणाम, घाबरू नका. त्याने लघवीही वाढते.

उलट टोकही धोक्याचं. नुसतं पाणी लिटरवारी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ त्यातही होते आणि उंची बाधल्यावरही. ओआरएसचं अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, चवीसाठी पाणी कमी-जास्त करू नका. पाणी पिऊनही डोकेदुखी थांबली नाही, तर वर चढू नका. तोल जायला लागला किंवा बोलणं भरकटलं, तर लगेच खाली उतरा.

रात्री बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी सरळ केली की झाकणापाशी पाणी मोकळं मिळतं. झाकण मात्र घट्ट हवं.