आमची वाटचाल : शहाद्याची पेढी आणि सातपुड्याची चांदी

वडिलांनी शहाद्यात सराफी पेढी घातली तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. आरंभी आमचे गिऱ्हाईक मुख्यतः गुजर आणि पाटील शेतकऱ्यांच्या घरचे. त्यांच्याकडे सोने म्हणजे लक्ष्मी, ते कमरेखाली घालायचे नाही. चांदी पैंजण-जोडव्यांपुरती, त्यामुळे लग्नाच्या यादीत ती शेवटी येई.

सातपुड्यातल्या धडगावकडची पावरा आणि भिल्ल आदिवासी कुटुंबे येऊ लागल्यावर याच धातूचा मान आम्हाला निराळा दिसला. त्यांच्या बायका चांदी गळ्यात, दंडावर, कमरेला, म्हणजे चारचौघांच्या नजरेत भरेल अशी घालतात. हसली, म्हणजे गळ्यातले चांदीचे कडे, घ्यायला आलेली आजी आधी नक्षी पाहत नाही; दागिना तळहातावर झेलून वजन अजमावते, मग नातीच्या गळ्याशी धरून सोबतच्या सगळ्यांना दाखवते. त्या वजनात घराची पत असते आणि अडीनडीला मोडीतून उभी राहणारी रक्कमही तीच असते, म्हणून घडणावळ जास्त आणि चांदी कमी असा पोकळ माल तिच्यापुढे ठेवण्याची सोय नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या छापाच्या जुन्या राणीछाप रुपयांच्या हारांचे तर गणितच वेगळे. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासूनच्या रुपयांत ती निम्म्यावर आली. टंचाचा, म्हणजे शुद्धतेचा, हा फरक आम्ही कसोटीवर शोधतो, पण आमची जुनी गिऱ्हाइके राणीचा मुखवटा पाहूनच रुपया निवडतात. असा हार तुटून आला तर तो गाळायचा नाही, नव्या गोफात ओवून द्यायचा, ही वडिलांची शिस्त आजही पाळली जाते.

अलीकडे पुण्या-नाशिकला शिकणाऱ्या मुली त्याच घाटाची हसली मागतात, पण हलकी आणि मुद्दाम काळवंडवलेली. त्यांना त्यात जुनेपणाची ऐट दिसते. आमच्या पावरा गिऱ्हाइकांना मात्र काळी चांदी म्हणजे निगा न राखलेला दागिना वाटतो. दोघींची पसंती आपापल्या जागी रास्त आहे, फक्त एका काचपेटीत ती मांडता येत नाही. म्हणून होळीआधीच्या आठवड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरू लागले की ऑक्सिडाइज्ड माल आत जातो आणि दर्शनी भागात उजळलेल्या, भरीव हसल्या व कंबरपट्टे लागतात.