जाताना राखलं तेच परतताना मिळालं: हार्ड रेनची वारी

गेल्या शनिवारी रात्री आम्ही चौघं ‘लेफ्ट फोर डेड टू’ या व्हिडिओ गेममधल्या हार्ड रेन या मोहिमेला गेलो आणि चौघंही जिवंत परतलो. त्याच्या आदल्या शनिवारी याच वाटेवर, बोटीच्या धक्क्यापासून जेमतेम चार गल्ल्या अलीकडे, सगळे मेलो होतो. दोन्ही फेऱ्यांत नेम तोच, बंदुका त्याच आणि माणसंही तीच होती. बदललं एवढंच की पहिल्या वेळी जाताना दिसेल ते उचललं आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम सोडून गेलो. हार्ड रेनला निघणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचून निघावं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाल्वचा हा गेम नोव्हेंबर २००९चा. चार जणांनी मिळून झोंबींच्या लाटांमधून वाट काढायची. मूळ मोहिमा पाच. जॉर्जियातल्या सव्हाना शहरापासून सुरुवात होते आणि शेवट न्यू ऑर्लीन्सच्या पुलावर. हार्ड रेन त्यातली चौथी. व्हर्जिल नावाचा नावाडी कोच, एलिस, निक आणि रोशेल या आपल्या चार पात्रांना घेऊन चाललेला असतो, वाटेत बोटीचं डिझेल संपत येतं. तो या चौघांना मिसिसिपीतल्या ड्यूकाटेल नावाच्या गावाच्या धक्क्यावर उतरवतो. गावातून साखर कारखान्यात, तिथून उसाच्या फडातून पंपापर्यंत जायचं आणि डिझेल पाठीवर बांधून त्याच वाटेनं परत यायचं. जाताना उजेड असतो, परतताना अंधार आणि वादळ.

बाकीच्या मोहिमांमध्ये मागचं मागे राहतं, टप्प्याच्या शेवटच्या सुरक्षित खोलीचं, सेफ रूमचं, दार लावलं की विषय संपला. इथे तसं नाही. जाताना जे औषध, जी गोळी, जी बाटली उचलली नाही, ती परतीच्या वाटेवर तिथल्या तिथे सापडते. हे एकदा डोक्यात बसलं की सगळ्या खेळाचा हिशेब बदलतो.

आमची टोळी सांगतो. मी पुण्यात. मामेभाऊ आणि वहिनी कराडला, एकाच खोलीत दोन लॅपटॉप मांडून. चौथा कॉलेजचा मित्र, तो टोरांटोला. आमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले की त्याच्याकडे दुपार असते. त्याचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ, जास्त, म्हणून त्याला लांबच्या नेमाचं काम द्यायचं नाही हे ठरलेलं. तो शॉटगन घेऊन पुढे. होस्ट दादाचा, म्हणजे मामेभावाचा; गेम त्याच्या लॅपटॉपवरून चालतो. कुणी परदेशातून खेळणार असेल तर ही वाटणी करून बघा, फरक पडतो.

कठीणपणा अ‍ॅडव्हान्स्ड ठेवला होता. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नॉर्मलच ठेवावा. नॉर्मलवर टँकचा, म्हणजे सगळ्यात दांडग्या झोंबीचा, जीव ४०००, अ‍ॅडव्हान्स्डवर आणि एक्स्पर्टवर ८०००. आणि कठीणपणा वाढेल तशी आपल्याच माणसाची गोळीही जास्त लागते. पुढच्याने खाली बसायचं आणि मागच्याने डोक्यावरून मारायचं, ही सवय आधीपासून लावून घ्या.

सुरुवात होते बर्गर टँक नावाच्या हॉटेलापाशी. तिथे चार मेडकिट असतात. आदल्या वेळी चौघांनी एकेक उचललं होतं. या वेळी दादा म्हणाला, “दोनच घ्या. दोन इथंच राहू देत.” वहिनींना पटेना. “अहो, पण मध्येच मेलो तर त्या दोन किटांचं काय करायचं?” प्रश्न रास्त होता. पण शेवटची लढाई होते ती याच बर्गर टँकमध्ये. शेवटी एक वहिनींनी घेतलं, एक मी, आणि दोन तिथेच राहिली. मित्राला पेनकिलर मिळाल्या. त्यांनी ५० जीव तात्पुरता मिळतो आणि हळूहळू उतरतो, तेव्हा त्या लगेच खायच्या नाहीत, गरज पडेपर्यंत खिशात ठेवायच्या. मेडकिटने गेलेल्या जिवाच्या ८० टक्के भरून येतो. म्हणजे शंभरपैकी ७० जीव असताना किट वापरणं ही उधळपट्टी. आम्ही ३०च्या खाली आल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं.

गावातून जाताना फार थांबण्यासारखं काही नाही. लाकडी घरं, त्यांचे ओटे, परसं. एवढंच लक्षात ठेवा की इथे कानांवर मफ लावलेले रस्ताकामाचे मजूर भेटतात. पाइप बॉम्बच्या बीप-बीपकडे बाकीचे झोंबी धावतात, हे मात्र धावत नाहीत, कारण त्यांना ऐकूच येत नाही. पाइप बॉम्ब टाकून निर्धास्त वळलात की नेमका हाच येऊन पाठीत मारतो. प्रत्येक घरात डोकावून काय काय आहे ते मोठ्याने सांगत गेलो आणि वहिनी एका वहीत लिहीत होत्या. निळ्या घरात पेनकिलरच्या गोळ्या, कोपऱ्यावरच्या खोलीत मोलोटोव्ह, म्हणजे पेटवून फेकायची बाटली. ती वही परतताना सोन्याची ठरली.

मग कारखाना. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण मोहिमेचा जीव इथेच आहे.

कारखान्यात विच, म्हणजे डिवचलं तरच उठणाऱ्या झोंबी बाया, असतात, आणि एकदोन नव्हे. एरवी ती अंधारात बसून रडत असते, इथे उजेड असल्याने रडत रडत फिरते. बसलेली विच टाळायला सोपी, वाट बदलायची आणि झालं. फिरणारी कुठे वळेल सांगता येत नाही. तिच्या १००० जिवापेक्षा तिच्या एका फटक्याची भीती जास्त. अ‍ॅडव्हान्स्डवर एका फटक्यात आडवं करते, एक्स्पर्टवर जीवच घेते. टॉर्च बंद करायचा, सगळ्यांनी एकदम, आणि ती पुढे जाईपर्यंत थांबायचं. जवळ गेलं की तिचा राग चढतो, लांब झालं की उतरतो. घाई झाली की माणूस चुकतो. आदल्या आठवड्यात मित्राची शॉटगन एका साध्या झोंबीवर झाडली गेली आणि मागे असलेल्या विचला छर्रे लागले. या वेळी आम्ही कारखान्यात बंदूक शक्यतो वापरलीच नाही. दादाकडे कुऱ्हाड, माझ्याकडे क्रिकेटची बॅट. हो, या गेममध्ये बॅट मिळते आणि तिचा घाव चांगला बसतो.

पुढे लिफ्ट. बटण दाबलं की ती यायला वेळ घेते आणि तोवर झोंबींची लाट येते. बटण दाबण्याआधी सगळ्यांनी बंदुका भरून घ्यायच्या, पाठीला भिंत घ्यायची आणि कुणी कुठली बाजू बघायची ते ठरवायचं. आमचा एक मिनिट बोलण्यात गेला आणि लाटेत कुणाला ओरखडाही आला नाही.

लिफ्ट खाली येते ती थेट उसात. दादा कराडचा, उसातच वाढलेला. तो म्हणाला, “फडात शिरलं की आवाजावर जायचं, नजरेवर नाही.” अगदी तसंच होतं. दोन हातांपलीकडे काही दिसत नाही. पानं हलतात, पण वाऱ्याने की कुणी येतंय, कळत नाही. सोबत्यांच्या आकृतीभोवतीची कड मात्र उसामागूनही दिसते, तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि चौघांनी एकमेकांना धरून चालायचं. जॉकी जातीचा झोंबी पाठीवर बसला की माणसाला भलतीकडेच पळवत नेतो, आणि इथे दहा पावलं लांब गेलेला माणूस शोधायलाच वेळ जातो. हंटरची गुरगुर, स्मोकरचा खोकला, जॉकीचं खिदळणं हे वेगवेगळ्या झोंबींचे आवाज ओळखता यायला हवेत. नवीन माणूस सोबत असेल तर आधी त्याला ते ऐकवा.

पंपाच्या सेफ रूममध्ये डिझेलचे कॅन पाठीला लागतात आणि तिथून परतीची वाट.

दार उघडलं आणि पाऊस. आपल्याकडे आषाढात उभा पाऊस लागतो, समोरचं झाड दिसत नाही, तसा. वादळाची सर आली की पडदा पांढरा होतो, गेममधला बोलण्याचा आवाजही दबतो आणि नेमकी तेव्हाच झुंडीच्या झुंडी झोंबी येतात. आदल्या वेळी आम्ही इथे फुटलो होतो. मी “डावीकडे” म्हणालो, दादाला काहीच ऐकू गेलं नाही, वहिनी एकट्या पुढे गेल्या आणि चार्जर नावाच्या झोंबीने त्यांना उचलून नेलं.

म्हणून या वेळी तीनच शब्द ठरवले. “थांब”, “इकडे”, “पडलो”. सर चालू असताना त्यापलीकडे कुणी काही बोलायचं नाही. फालतू बडबड बंद झाली की हे तीन शब्द तुटक आवाजातही कळतात. आणि सर येण्याआधी वारा वाढतो, अंधारून येतं. ते दिसलं की असाल तिथून जवळच्या छपराखाली शिरायचं. एकच दार असलेली खोली उत्तम. दोघं खाली बसून, दोघं मागे उभे राहून दारावर मारायचं आणि सर ओसरली की निघायचं. सर अंगावर घेत पुढे जाण्यात काहीही मिळत नाही.

फडात तोवर पाणी साचलेलं होतं. पाण्यात वेग मंदावतो, झोंबी मात्र येतच राहतात. लिफ्टपाशी पोचेपर्यंत माझा जीव २२वर आला होता. किट वापरावं का, असं विचारलं. दादा म्हणाला, “वर गेल्यावर बघू, जाताना पेनकिलर ठेवल्यात तिथे.” वहिनींनी वही बघून जागा सांगितली. गोळ्या तिथेच होत्या, आम्ही सोडल्या तशाच. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो एखादा टँक पाडल्यावरही होत नाही.

कारखान्यात परतताना विचचं रडणं पावसात दबतं. कानावर विसंबू नका, जाताना जिथे जिथे विच दिसल्या ती ठिकाणं सावकाश ओलांडा.

गावातले रस्ते पाण्याने भरलेले असतात. ओट्यांवरून, जिन्यांवरून, जिथे जिथे जमीन उंच आहे तिथून चला, वाट लांबली तरी चालेल. टँक आमच्यावर इथेच आला. पाण्यात त्याच्यापासून पळता येत नाही, म्हणून त्याचं संगीत वाजताच उंचवटा गाठायचा. वहिनींनी कोपऱ्यावरच्या खोलीतला मोलोटोव्ह नेमका काढला, पेटलेल्या टँकवर चौघांनी गोळ्या चालवल्या. त्यात मित्र एकदा आडवा झाला. त्याचा हा दुसरा. दोनदा आडवा झालेला माणूस उठला की त्याचा पडदा करडा होतो आणि पुढच्या वेळी पडला की गेलाच. पेनकिलरने हे पुसलं जात नाही, मेडकिटनेच पुसलं जातं. म्हणून त्याला कुणी किट लावायचं हा प्रश्न उभा राहिला, आणि मी माझं लावलं. किट लावायला पाच सेकंद लागतात, तेवढा वेळ बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं.

बर्गर टँकला पोचलो तेव्हा दोन किट तिथेच होती, ओल्या उजेडात, जशी ठेवली तशी. हॉटेलाच्या पाटीचा दिवा लावायच्या आधी ती बघून मन शांत झालं. पाटीचा दिवा लावला की व्हर्जिलला खूण पटते आणि लढाई सुरू होते: लाट, टँक, पुन्हा लाट, पुन्हा टँक. आम्ही गच्चीवर जाण्याचं टाळलं. वरून दिसतं छान, पण टँकच्या एका ठोशाने माणूस खाली फेकला जातो. आत राहून दारं सांभाळली, टँक आला की बाहेर पडून पांगलो. दुसऱ्या टँकवर वहिनींनी झोंबींना खुणावणारी बाइलची बरणी फोडली, तेव्हा झोंबीच त्याच्यावर तुटून पडले. त्याआधी वहिनी दुसऱ्यांदा आडव्या झाल्या होत्या. स्वतःचं किट त्यांनी कधीच संपवलं होतं, म्हणून ठेवलेल्यांपैकी एक लावलं.

एक महत्त्वाचं राहिलं. चौथा माणूस मिळाला नाही तर त्याच्या जागी बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला खेळाडू, येतो आणि बॉट दिसेल ते मेडकिट उचलतो. त्याला ठेव म्हणून सांगता येत नाही. हार्ड रेनसाठी चार माणसं जमेपर्यंत थांबलेलं बरं.

बोट लागली. धक्क्यापर्यंतची धाव पाण्यातून आहे, तेव्हा मागे वळून एकही गोळी मारू नका. मित्र पहिला चढला, मग वहिनी, मग मी. दादा दाराशी थांबला होता, कारण दुसरं किट अजून तसंच पडून होतं.

“दादा, राहू दे ते,” मी ओरडलो. तो आला.