हळदीचे तीन ठिपके अखेर सुटले: दोष द्रावकात नव्हता, दमट हवेत होता

सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर हळदीच्या अर्काचा ठिपका लावायचा, द्रावक वर चढू द्यायचं, म्हणजे अर्कातले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी). सेलम जातीच्या हळदीच्या अर्कातले तिन्ही पिवळे ठिपके आता एकमेकांपासून वेगळे दिसताहेत. वर करक्युमिन, मध्ये डिमेथॉक्सीकरक्युमिन, तळाशी बिसडिमेथॉक्सीकरक्युमिन (पुढे नुसतं डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी). जूनपासून खालच्या दोघांचा मिळून एकच लांबट डाग पडत होता आणि पुढचं सगळं काम त्या एका डागावर अडून बसलं होतं.

नव्या सभासदांसाठी एवढंच: हे तीन ठिपके म्हणजे हळदीच्या एन्झाइमांची सही आहे. फुलांचे रंग जिथून सुरू होतात ते चॅल्कोन सिंथेज हे एन्झाइम कुमारॉइल-कोएला (कोए म्हणजे असे तुकडे वाहून नेणारा रेणू) मॅलोनिलचे तीन तुकडे जोडतं आणि साखळीचं कडं करतं. त्या घराण्यातल्या जनुकांच्या जादा प्रती झाल्या. एका प्रतीने जुनं काम सांभाळलं की दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. हळदीतली डीसीएस (डायकिटाइड-कोए सिंथेज) आणि कर्स (करक्युमिन सिंथेज) ही दोन्ही एन्झाइमं याच घराण्यातली. सिस्टीन, हिस्टिडीन, अ‍ॅस्पॅराजीन या अमिनो आम्लांचं कामकरी त्रिकूट तेच राहिलं, पण आतली खोबण बदलली. डीसीएस फेरुलॉइल-कोएला (फेरुलॉइल म्हणजे मेथॉक्सी गट लागलेलं कुमारॉइल) मॅलोनिलचा एकच तुकडा लावून थांबतं, मग कर्स त्याला दुसरा फेरुलॉइल जोडतं आणि करक्युमिन तयार होतं. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हळदीत कर्स तीन आहेत. कर्स-1 आणि कर्स-2 यांची पसंती फेरुलॉइलला आहे, कर्स-3 मात्र फेरुलॉइल आणि कुमारॉइल दोन्ही घेतं. दोन्ही बाजूंना फेरुलॉइल आलं तर करक्युमिन, एका बाजूला कुमारॉइल आलं तर डिमेथॉक्सी, दोन्ही बाजूंना आलं तर बिसडिमेथॉक्सी. म्हणजे खालचे दोन ठिपके ही एन्झाइमच्या सैल निवडीची खूण, आणि नेमके तेच चिकटत होते.

आता मूळ दुखणं. कृती नेहमीचीच: 1 ग्रॅम पूड, 10 मिली अ‍ॅसिटोन, अर्धा तास अंधारात, मग गाळणं. द्रावक डीसीएम (डायक्लोरोमिथेन) 9.7 मिली आणि मिथेनॉल 0.3 मिली, जॅमच्या बरणीत आतून फिल्टर पेपर लावून 10 मिनिटं झाकून. प्लेट 10 सेंमी उंच, ठिपका तळापासून 1 सेंमीवर.

पहिला संशय अर्कावर गेला. पाचपट पातळ केल्यावर डागाची शेपूट आखूड झाली, पण ठिपके चिकटलेलेच. द्रावकात अ‍ॅसिटिक आम्लाचा एक थेंब टाकल्यावर कडा स्वच्छ झाल्या, तरी चिकटलेलेच. मग द्रावकावर संशय. डीसीएम 40 अंशांना उकळतं. बरणी उघडी राहिली की ते आधी उडतं, मिथेनॉलचं प्रमाण वाढतं आणि सगळंच वर सरकतं. म्हणून प्रत्येक प्लेटला ताजं द्रावक घेतलं. फरक पडला नाही.

खरी गोम सिलिकात होती. सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या ज्या हायड्रॉक्सिल जागा रेणूंना धरून ठेवतात, त्या हवेतलं पाणी आधीच अडवून बसतं. पकड सुटली की ठिपके वर धावतात आणि वरच गर्दी करतात. करक्युमिनच्या दोन्ही फिनॉलांशेजारी मेथॉक्सी आहे, त्या फिनॉलांचा हायड्रोजन शेजारच्या मेथॉक्सीशी आतल्या आतच गुंतलेला असतो, सिलिकाला धरायला मोकळा नसतो. त्यामुळे ते कोरड्या प्लेटवरही वरच राहतं. पकड जाते ती खालच्या दोघांची.

ओव्हनमध्ये 110 अंशांवर 30 मिनिटं तापवण्याचा सल्ला सगळीकडे असतो. तो अर्धाच बरोबर आहे. ऑगस्टमधल्या सांगलीच्या हवेत प्लेट थंड होईपर्यंत आणि ठिपका लावेपर्यंत ती पुन्हा पाणी ओढून घेते. तापवलेल्या दोन्ही प्लेटा अशाच फुकट गेल्या.

म्हणून आर्द्रता घालवण्यापेक्षा ती ठरावीक ठेवायची. घट्ट झाकणाच्या डब्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण वाटीत ठेवलं की आतली आर्द्रता 25 अंशांना सुमारे 33 टक्के राहते. वाटीत न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे, नाहीतर आकडा सरकतो. खताच्या दुकानात मिळतं ते मॅग्नेशियम सल्फेट, ते इथे चालत नाही. ठिपका आधी लावा, प्लेट रात्रभर डब्यात अंधारात ठेवा, सकाळी डब्यातून थेट बरणीत. पडताळणीसाठी दुसऱ्या डब्यात खाण्याच्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं, म्हणजे सुमारे 75 टक्के. अर्क तोच, द्रावक तेच. मिठाच्या डब्यातल्या प्लेटवर वर एकच डाग, मॅग्नेशियमच्या डब्यातल्या प्लेटवर तीन ठिपके आणि खालच्या दोघांमध्ये 4 मिमी कोरी पांढरी पट्टी. ती पट्टी बघण्यात जे सुख आहे, ते इथे वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

यामुळे आधीची एक नोंद मागे घेतो. फेब्रुवारीतली सेलमची प्लेट आणि जुलैतली राजापुरीची प्लेट शेजारी ठेवून «राजापुरीत तळाचा ठिपका जवळजवळ नाही» असं लिहिलं होतं. ती तुलना दोन जातींची नव्हती, दोन ऋतूंची होती. ती रद्द समजा.

साहित्याबद्दल थोडं. अ‍ॅल्युमिनियमवरची सिलिका प्लेट महाग पडते, पण कात्रीने कापता येते. काचेवरच्या स्वस्त प्लेटांचा थर कापताना कडेला उडतो आणि द्रावक वाकडं चढतं. अतिनील (यूव्ही) टॉर्च 365 नॅनोमीटरचाच घ्या, 395 वाल्याच्या जांभळ्या उजेडात फिकट ठिपके बुडतात. डीसीएमचं काम बंद खोलीत नको, गच्चीवर सावलीत करा. नायट्राइलच्या हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार जातं, तेव्हा मोज्यावर सांडलं की मोजा लगेच बदला. हळदीची सुटी पूड घेऊ नका. मार्केट यार्डातून अख्खं हळकुंड आणून घरी कुटा. भेसळीतला मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग असला तर तो आरंभरेषेवरच बसून राहतो आणि आम्लाच्या थेंबाने गुलाबी-जांभळा होतो. फोटो आधी काढा, सोडा विरघळवलेलं पाणी नंतर फवारा. लाल रंग सुंदर येतो, पण अल्कलीत करक्युमिन लवकर मोडतं आणि उन्हात ठिपकेही फिके होतात.

पुढे सेलम, राजापुरी, कृष्णा आणि फुले स्वरूपा एकाच प्लेटवर लावायचं ठरलं होतं. पण बाजारातली हळकुंडं शिजवून, वाळवून, पॉलिश करून आलेली असतात, शेतं वेगळी, काढणीही वेगळी. ठिपक्यांचं प्रमाण एकट्या कर्सवर ठरत नाही, पेशीत फेरुलॉइल आणि कुमारॉइल किती आहे यावरही ठरतं. चार शेतांतला फरक एन्झाइमच्या नावावर घालणं बरोबर नाही.

त्यापेक्षा एकाच झाडाचा मातृगड्डा (मधला मूळ कंद) आणि त्याला फुटलेलं हळकुंड प्लेटवर शेजारी लावू. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेल्या सेलमच्या एकाच सरीतून आता दर महिन्याला एक झाड, काढणीपर्यंत. ओली हळद थेट अ‍ॅसिटोनमध्ये टाकायची नाही, तिच्यातल्या पाण्याने अर्कच पातळ होतो. 2 मिमीच्या चकत्या करून 50 अंशांवर, अंधारात, कडक्कन मोडेपर्यंत वाळवायच्या. पहिलं झाड येत्या रविवारी उपटू. ज्यांच्याकडे मॅग्नेशियम क्लोराइड आहे त्यांनी आपापल्या शेतातलं एक झाड त्याच दिवशी काढावं आणि प्लेट डब्यात किती तास होती ते फोटोसोबत लिहावं.