घोड्याचं प्यादं दोन घरं पुढे (माझा बी फोरचा अनुभव)

खरं सांगायचं तर बुद्धिबळात मी बी फोर (पांढऱ्याची पहिलीच खेळी म्हणून वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे) खेळायला लागले ते निव्वळ आळसापोटी. मागच्या वर्षी बऱ्याच वर्षांनी एक रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा खेळले आणि तिथे नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी मला धुतलं. राजाचं प्यादं सरकवलं की समोरचं कार्टं सिसिलियनच्या (राजाच्या प्याद्याला काळ्याचं ठरलेलं उत्तर) बारा खेळ्या धडाधड खेळून पाण्याची बाटली उघडून बसायचं आणि मी सातव्या खेळीलाच डोकं धरून. ऑफिस, स्वयंपाक, लेकीचा अभ्यास यातून सिसिलियन पाठ कधी करणार? मग ठरवलं, असं काहीतरी खेळायचं जे त्यांच्या क्लासमध्ये कुणी शिकवलेलं नसेल.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, घोड्याचं प्यादं कोण काढतं आधी? आणि तेही एकदम दोन घरं?" बाबा लालबागच्या चाळीत देशी पद्धतीने शिकलेले, त्यांच्या हिशेबात प्यादं एक-एक घरच चालतं, त्यामुळे माझी पहिली खेळी त्यांच्या मते दोनदा चूक होती :)

पण या खेळीला इतिहास आहे बरं का. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत टार्टाकोवर नावाचा नामवंत खेळाडू मारोत्सी या दुसऱ्या नामवंताविरुद्ध हीच खेळी खेळला होता. आदल्या दिवशी तो प्राणिसंग्रहालयात गेला होता आणि तिथल्या सुझान नावाच्या ओरांगउटान जातीच्या वानरानेच ही खेळी सुचवली असं तो सांगायचा, म्हणून आजही लोक हिला ओरांगउटान म्हणतात. तो डाव मारोत्सीने जिंकला, हे मला जरा उशिरा कळलं. पुढे सोकोल्स्की या खेळाडूने तर हिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे थिअरी (पाठ करायच्या खेळ्या) नको म्हणून निवडलेल्या ओपनिंगलाही (डावाच्या सुरुवातीलाही) थिअरी निघालीच.

प्रॅक्टिस सगळी लोकलमध्ये. भांडुप ते करी रोड स्लो गाडी, लेडीज डबा, बसायला मिळालं तर ठीक नाहीतर एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोनवर ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव). एकदा मागच्या बाईचं कोपर लागलं आणि वजीर भलत्याच घरात जाऊन पडला, एकदा नेटवर्क गेलं आणि घड्याळ संपलं. पहिल्या महिन्यात रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) दीडशेने खाली. याचं खापर मात्र कोपरावर किंवा नेटवर्कवर नाही फोडता येणार, मी खेळतच चुकीचं होते.

कल्पना साधी आहे. (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून एक ते आठ.) प्यादं बी फोर, मग उंट बी टूला, तिथून तो लांब तिरप्या रेषेत काळ्याच्या राजाच्या बाजूपर्यंत बघतो. काळ्याने ई फाइव्ह केलं की तो माझं बीचं प्यादं खातो आणि मी त्याचं ईचं. कडेचं देऊन मधलं घेतलं, म्हणजे मध्यात माझी प्यादी जास्त. इथपर्यंत मी खूश. आणि काळ्याने घाईघाईत घोडा सी सिक्सला काढला तर अजूनच मजा, कारण उंट सरळ जी सेव्हनचं प्यादं खातो आणि कोपऱ्यातला हत्ती अडकतो. ऑनलाइन यात लोक पडतात आणि त्या फुकटच्या हत्तींनीच मला बिघडवलं. कारण ज्याला येतं तो घोडा एफ सिक्सला काढतो, लगेच कॅसलिंग करतो (राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणतो), हत्ती ई एटला आणतो, आणि मी तोवर उंटाने तीन खेळ्या करून बसलेली, राजा तिथेच मध्यात. मग त्याचं डीचं प्यादं पुढे आदळलं की सगळं उघडं.

दुसऱ्या महिन्यात हरलेल्यांपैकी एकच डाव रोज, इंजिनला (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामला) न दाखवता, आधी स्वतः बघायचा असा नियम केला (रोज जमलं नाही). त्यातून कळलं की इथे माझ्या बाजूने सावकाश खेळायचं: ई थ्री, घोडा एफ थ्री, उंट ई टू, कॅसलिंग, आणि मग सी फोर. काळा माझं बीचं प्यादं न खाता एफ सिक्स करून ई फाइव्हचं प्यादं धरून बसला तर बी फाइव्ह, ई थ्री, डी फोर, आणि त्याने ई फोर ढकललं की पट उलट्या रंगाच्या फ्रेंच डिफेन्ससारखा (काळ्याची एक ठरलेली सुरुवात) दिसतो. तिथेही सी फोरच. ही रचना मला कॉलेजपासून येत होती! फक्त मोहरी पांढरी.

मग दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची स्पर्धा खेळले, सहा राउंड, पंखे फुल स्पीडवर आणि बाहेर आयांची गर्दी. पहिल्याच डावात समोर चष्मेवाला मुलगा. मी बी फोर केलं तर तो आधी पटाकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा पटाकडे. चार मिनिटं! पहिल्या खेळीला! शेवटी एफ सिक्सवालीच लाइन आली आणि मी एक प्यादं जास्तीचं घेऊन शेवटपर्यंत नेलं आणि जिंकले. निकालाच्या कागदावर सही करताना त्याने विचारलं, "आंटी, हे चुकून झालं का?"

दुसरा पांढरा डाव एका वयस्कर काकांशी, त्यांनी डी फाइव्ह, ई सिक्स करून शांतपणे बांधून टाकलं, बरोबरी. तिसऱ्यात कॉलेजच्या मुलाने स्टाइलमध्ये घोडा सी सिक्सला ठेवला आणि मी हत्ती घेतला. एवढे महिने लोकलमध्ये धक्के खाल्ल्यावर तो हत्ती हातात घेताना जो आनंद झाला तो विचारू नका.

म्हणजे पांढऱ्याने तीन डावांत अडीच गुण. काळ्याने तीनात अर्धा. कारण काळी मोहरी घेऊन बसल्यावर समोरचा राजाचं प्यादं सरकवतो आणि तिथे माझी ओरांगउटान काही कामाची नाही. बाबांना स्कोअर सांगितला तर ते लगेच म्हणाले, "मग काळ्याने काय खेळतेस?" परतीच्या गाडीत जागा मिळाली होती, घाटकोपर येईपर्यंत सिसिलियनच्या चार खेळ्या पाठ झाल्या.