पांढरा कुडा: वर्ष दुसरं, आणि पहिल्या वर्षाची कबुली

गेल्या वर्षीच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, ‘पांढऱ्या कुड्याची २२ रोपं तयार आहेत, हवी त्यांनी घेऊन जावीत.’ मंडळी, ती पांढऱ्या कुड्याची, म्हणजे आवेवरच्या त्या औषधी झाडाची, नव्हती. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या काळ्या कुड्याची निघाली. ज्या चौघांनी रोपं नेली त्यांना फोन करून सांगून झालंय. एकाने तर ‘मग मी एवढे दिवस कोणाला पाणी घालतोय?’ असं विचारलं. बाकीच्यांसाठी ही नोंद.

चूक कळली ती शिमग्याला. संगमेश्वरजवळच्या आमच्या वाडीत एक मावशी आहेत, पंचाहत्तरीच्या. त्यांच्या मांडणीवर इंद्रजवाचा, म्हणजे कुड्याच्या बियांचा डबा कायम असतो. बोलता बोलता मी दोन दाणे तोंडात टाकले आणि पुढची दहा मिनिटं गुळाचा खडा चघळत बसलो. इतकं कडू! पुण्यात परतल्यावर टेकडीवरून आणलेल्या, पेरून उरलेल्या बिया काढल्या आणि चावून पाहिल्या. कडूपणाचा पत्ता नाही, उलट किंचित गोडसर. कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव हा फरक मी पुस्तकात दहा वेळा वाचलेला होता. जिभेला मात्र त्या दिवशी कळला.

म्हणजे मी टेकडीवर ज्याच्या शेंगा गोळा केल्या तो राइटिया टिंक्टोरिया, काळा कुडा. औषधातला कुटज, म्हणजे पांढरा कुडा, वेगळा, होलऱ्हिना प्युबेसेन्स. त्याचं जुनं शास्त्रीय नावच ‘अँटिडिसेंटेरिका’, म्हणजे सरळसरळ आवेवरचा. दोघे एकाच कण्हेरीच्या कुळातले, दोघांना पांढरा चीक, दोघांची पानं समोरासमोर, दोघांना जोडीने लोंबणाऱ्या शेंगा. बाजारात एकाच्या सालीच्या नावाखाली दुसऱ्याची साल खपते, ती यामुळेच.

आता मी काय बघतो ते सांगतो. फुलं असतील तर प्रश्नच नाही. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी झालरीसारखे पांढरे तंतू असतात, पांढऱ्या कुड्याचा गळा मोकळा. शेंगा असतील तर टोकं बघायची. काळ्याच्या दोन शेंगा पिकेपर्यंत टोकाला एकमेकींना चिकटलेल्या राहतात, चिमट्यासारख्या. पांढऱ्याच्या पेन्सिलीएवढ्या बारीक, वीतभर ते दोन विती लांब, आणि पहिल्यापासून सुट्ट्या. शेंग फुटलेली असेल तर बीच सांगतं: पांढऱ्याच्या बियांना रेशमी केसांचा झुबका शेंगेच्या टोकाकडे, काळ्याच्या बियांना देठाकडे. पण नुसतं वाऱ्यावर उडालेलं बी हाती आलं तर कोणतं टोक कुठलं हे ओळखणं मला अजून जमत नाही. तेव्हा चावून बघायचं. पानांच्या आकारावर मी आता अजिबात भरवसा ठेवत नाही. पांढऱ्याची पानं मोठी असतात हे खरं, पण लहान रोपात आणि छाटलेल्या झाडात त्याचा काही उपयोग नाही. माझी फसगत तिथेच झाली.

या खेपेला मावशींच्या बांधावरच्या झाडाच्याच शेंगा घेतल्या, तीन जोड्या. त्या कागदी पिशवीत ठेवून एसटीने निघालो. चिपळूणच्या पुढे उन्हाने शेंगा तडकल्या आणि खिडकीच्या वाऱ्याने अर्धं बी गाडीभर झालं. कंडक्टरसाहेबांच्या टोपीवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. शेंगांना दोरा गुंडाळून आणायचं, हा धडा.

हाती राहिलेल्यांतली ४० बिया मार्चअखेर पेरल्या. तांबडी माती, नदीची वाळू, जुनं शेणखत, एवढंच. एक रात्र पाण्यात भिजवल्या, केस काढून टाकले. दहाव्या दिवशी पहिला कोंब, तीन आठवड्यांत २६. मे महिन्यात सहा गेले, माझ्या जास्त पाण्यामुळे. उरलेले २० पावसाळ्यात झपाट्याने वाढले. मग डिसेंबरात पानं पिवळी पडली, गळली आणि कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. मी चार काड्या उपटून फेकल्यासुद्धा. पाचवी उपटताना नखाने साल खरवडली, तर आत हिरवीगार! पानगळीचं झाड आहे हे माहीत असून रोपही पान गाळतं हे डोक्यात आलं नाही. म्हणून आजची शिल्लक १६.

मावशींकडून उपयोगांची जी टिपणं घेतली ती इथे ठेवतो, कारण ती एका घराची आहेत आणि दुसऱ्या घरी वेगळी निघतील. त्यांच्याकडे सालीपेक्षा ‘पाळ’ वापरतात, म्हणजे मूळ. पावसाळ्यात आव पडली, मुरडा आला, की सहाणेवर पाळाचे काही वेढे उगाळायचे आणि ते ताकातून द्यायचे. मोठ्या माणसाला वेढे जास्त, पोराला कमी, तान्ह्याला त्या देत नाहीत. ‘त्यांना डॉक्टर’, हे त्यांचेच शब्द. काही घरांच्या बाळगुटीत मात्र कुड्याचं पाळ असतं. इंद्रजव त्या जंतांवर देतात, भाजून, मधातून. आणि मूळव्याधीवर साल. हे ऐकून मी घरी आल्यावर चरकसंहिता उघडली, तर अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीवरच्या, द्रव्यांच्या दहाच्या यादीत पहिलंच नाव कुटज. बेल, चित्रक, सुंठ, अतिविष वगैरे त्याच्या मागे.

वैद्यांच्या कपाटात हाच कुडा कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी म्हणून बसतो. घनवटी म्हणजे सालीचा काढा आटवून केलेला घन, त्यात अतिविषाचं चूर्ण. अरिष्टात सालीसोबत मनुका, मोहाची फुलं, शिवण, गूळ, आणि आंबवायला धायटीची फुलं. म्हणजे एका बाटलीत दोन झाडा-झुडपांचा मोहर! सालीतलं मुख्य अल्कलॉइड, म्हणजे औषधी द्रव्य, कोनेसिन. ते आवेच्या अमीबावर काम करतं, म्हणून गेल्या शतकात अ‍ॅलोपॅथीच्या दवाखान्यांतही ‘कुर्ची’ या बंगाली नावाने हीच साल बिस्मथबरोबर देत असत. नुसतं कोनेसिन जास्त गेलं तर चक्कर येते, झोप उडते, माणूस अस्वस्थ होतो, हेही तेव्हाच दिसून आलं होतं. मी रोपं वाढवतो, कोणाला डोस सांगत नाही. रक्त पडत असेल तर कुठलंही पाळ उगाळत बसू नये.

खायचा कुडा हा माझ्या मते जास्त आनंदाचा भाग. जूनच्या सुरुवातीला फुलांचे पांढरे घोस येतात तेव्हा मावशी भाजी करतात. फुलं देठ काढून निवडायची, उकडायची, पाणी पिळून टाकायचं, मग कांदा, हिरवी मिरची, ओलं खोबरं. एवढं करूनही कडूपणा थोडा राहतोच. कोवळ्या शेंगांचीही भाजी होते, ती आणखी कडू. ‘पहिल्या पावसात एकदा पोटात गेली की पावसाळाभर पोट धरत नाही,’ असं त्या म्हणतात. मी दोन वाट्या खाल्ल्या. पोट धरलं नाही, पण त्यात भाजीचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही.

काळ्या कुड्याच्या १८ रोपांचं काय केलं? फेकली नाहीत. तमिळनाडूत याच झाडाला वेट्पालै म्हणतात आणि तिथल्या ‘सिद्ध’ नावाच्या पारंपरिक वैद्यकात याची पानं खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात, सोरायसिस आणि कोंड्यावर लावायला. टेकडीखालच्या एका कापलेल्या झाडाची मूठभर पानं आणून, चुरून काचेच्या बरणीत खोबरेलात घातली. ऑक्टोबरचं ऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेल जांभळं, पाचव्या दिवशी जवळजवळ वांग्याच्या सालीचा रंग. पानात निळीसारखा रंग असतो हे वाचलं होतं, पण बरणी उन्हात धरून पाहिली तेव्हा बायकोला हाक मारली. ती म्हणाली, ‘उशीच्या अभ्र्यांना लावू नकोस.’ कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच झाडाच्या मऊ लाकडाची. तेव्हा चुकून का होईना, बरं झाड वाढवलं.

शेवटचं, आणि हे जरा रागाने. मावशींच्या बांधापलीकडे एक जुना पांढरा कुडा होता. गेल्या दिवाळीच्या आसपास कोणीतरी त्याची साल विकायला नेली, खोडाभोवती पूर्ण कडं काढून. वरचा भाग वाळून गेला. साल एका बाजूने उभी पट्टी काढली तर झाड भरून काढतं. मावशींच्या झाडावर अशा तीन जुन्या खुणा आहेत. त्या वाळलेल्या झाडाच्या बुंध्यातून यंदा नऊ फुटवे आले, सर्वांत उंच माझ्या छातीएवढा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, चिकामुळे आणि कडूपणामुळे. दोन फुटवे ठेवून बाकीचे काढावेत की सगळे राहू द्यावेत, यावर मावशींचं आणि माझं जमत नाही. त्या म्हणतात राहू दे, काठ्या होतील. कोणी छाटून पाहिलं असेल तर कळवा. आणि तांबड्या कुड्याचं, म्हणजे तिसऱ्याच कुड्याचं, खात्रीचं बी कोणाकडे असेल तर तेही. या खेपेला आधी चावून बघेन.