रात्रीचे चार तास : आईच्या नेत्रदानाचा माझा अनुभव

आई गेली तेव्हा रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गेल्या वर्षीचा मे महिना, डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अकरा दिवसांपूर्वीच तिला रुग्णालयातून घरी आणलं होतं. हृदय नीट पंप करत नाही, औषधांवर जितकं चालेल तितकं, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. तरी मी तिचा हात धरून नुसती बसून राहिले होते. उठून पहिला फोन केला तो दादाने, पण तो नातेवाइकांना केलेला नव्हता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाला चिमट्याने लावलेला एक कागद तो काढून घेऊन आला.

तो कागद आईनेच लावला होता. त्याच वर्षीच्या पाडव्याला, फडके रोडवर शोभायात्रा बघायला आम्ही गेलो होतो. नववर्ष स्वागतयात्रेची ही प्रथा १९९९ साली आमच्या डोंबिवलीतून, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली, याचा आईला फार अभिमान. रस्त्याच्या कडेला नेत्रदानाची माहिती देणारे काही कार्यकर्ते टेबल मांडून बसले होते. आई तिथे थांबली, पाणी प्यायली आणि पत्रक घेऊन आली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "माझं हे करा हं." संकल्पपत्र वगैरे तिने भरलं नव्हतं. मधुमेह, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वय ७३. अशा डोळ्यांचा कोणाला काय उपयोग, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि मी काही बोलले नव्हते.

पत्रकावरचा नंबर तिसऱ्या रिंगला उचलला गेला. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. रात्री पावणेदोनला झोपेतून उठलेला माणूस इतक्या शांतपणे बोलू शकतो, हे मला अजून आठवतं. त्यांनी आधी आईचं वय विचारलं, कशाने गेली ते विचारलं. मग म्हणाले, "पंखा बंद करा. पापण्या हलक्या हाताने मिटा, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. डोक्याखाली दोन उश्या द्या. मी येतोच."

मे महिन्यातली डोंबिवलीची रात्र. आईला उकाडा अजिबात सहन व्हायचा नाही. दादाने बटण बंद केलं तर बाबा पुन्हा उठून लावायला गेले. सवयच ती. मी त्यांना थांबवलं आणि कारण सांगितलं, जे मलाच दोन मिनिटांपूर्वी फोनवर कळलं होतं : वाऱ्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कोरडा पडतो आणि मग तो कामाचा राहत नाही. बाबा खाली बसले. पुढचे साडेतीन-चार तास त्या खोलीत आम्ही सगळे घामाने भिजून बसलो होतो.

काका (मी त्यांना काकाच म्हणते, नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही) वीस मिनिटांत स्कूटरवरून आले. सत्तरीचे असतील, तीन मजले चढून धाप लागलेली. खुर्चीवर न बसता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरांचा दाखला मिळालाय का?"

खरी अडचण तिथेच होती. नेत्रपेढीला फोन करणं सोपं असतं, त्यांची माणसं रात्रीबेरात्री येतात. पण मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला हातात हवा. माणूस रुग्णालयात गेला तर तो तिथेच मिळतो. घरी गेला तर ४ अ हा नमुना भरून द्यावा लागतो, आणि तो देणार कोण, तर ज्यांनी त्या माणसावर उपचार केलेत ते डॉक्टर. आमच्या डॉक्टरांचा फोन बंद होता. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये दादा धावत जाऊन आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही पेशंटला कधी पाहिलेलं नाही, दाखला देऊ शकत नाही. तेव्हा दादा चिडला होता. आज मला त्यांचं म्हणणं पटतं. न पाहिलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण कोण लिहून देईल? पण घड्याळात अडीच वाजले होते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, आणि उन्हाळ्यात जितकं लवकर तितकं चांगलं.

काकांनी डॉक्टरांचं घर कुठे ते विचारलं आणि दादाला मागे बसवून निघाले. बेल वाजवून त्यांनी डॉक्टरांना उठवलं. डॉक्टर तसेच, घरच्या कपड्यांवर, बॅग घेऊन आले. आईला तपासलं, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद पाहिले. ती फाइल आईच्या उशाशीच होती म्हणून बरं, कपाटात शोधत बसलो असतो तर आणखी अर्धा तास गेला असता. सव्वातीनला दाखला हातात आला. डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाहीत.

तोपर्यंत मामा आले होते. त्यांना हे कळल्यावर ते फार दुखावले. "ताईला पुढच्या जन्मी दिसायचं नाही," असं ते म्हणाले. रागाने नव्हे, रडत म्हणाले. मी वाद घालायला लागले, पण काकांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. ते मामांजवळ बसले आणि फक्त एवढंच म्हणाले की हा निर्णय घरच्यांचा आहे, तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता उठून जाईन, कोणी तुम्हाला बोलणार नाही. मग त्यांनी बाबांना विचारलं. संकल्पपत्र भरलेलं असो वा नसो, शेवटी जवळच्या नातलगांची संमती लागतेच, आणि संकल्पपत्र नसलं तरी ती संमती पुरते.

बाबांनी एकच विचारलं, "चेहरा नीट दिसेल ना तिचा?"

काका म्हणाले, "नीट दिसेल. मी माझ्या बायकोचं केलंय."

बाबांनी सही केली, खाली दादाची आणि माझी. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकूंनी आणि त्यांच्या मुलाने. मामा जिन्यात जाऊन बसले. आजही ते या विषयावर बोलत नाहीत आणि मीही काढत नाही.

नेत्रपेढीची गाडी शिळफाट्यापाशी ट्रकांच्या रांगेत अडकली होती. पाच वाजून दहा मिनिटांनी एक तरुण डॉक्टर आणि एक तंत्रज्ञ वर आले. आधी दोघांनी आईला नमस्कार केला. मग प्रश्न : कावीळ झाली होती का, रक्ताचा कर्करोग, कुत्रा चावला होता का, शेवटच्या दिवसांत जंतुसंसर्ग होता का. रेबीज, एचआयव्ही, काविळीचे काही प्रकार, रक्तात पसरलेला संसर्ग असेल तर डोळे रोपणासाठी घेत नाहीत. मधुमेह आणि मोतीबिंदूचं मी चाचरतच सांगितलं. "त्याने काही अडत नाही," ते म्हणाले. मोतीबिंदू होतो तो आतल्या भिंगाला. कॉर्निया त्याच्या पुढे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा.

त्यांना चांगला उजेड, एक टेबल आणि बंद खोली हवी होती. तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं. वीस-पंचवीस मिनिटांत दार उघडलं. बाबा सगळ्यांच्या आधी आत गेले. आईच्या पापण्या मिटलेल्या होत्या, कपाळावरचं कुंकू जरासुद्धा हललं नव्हतं. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता पंखा लावू का?"

अंत्यसंस्कार, मग २१ दिवसांच्या आत पालिकेत नोंदणी, नावातली वेलांटी दुरुस्त करायला दोन खेपा. ते सगळं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. महिन्याभराने नेत्रपेढीचं पत्र आलं. एका कॉर्नियाचं रोपण झालं होतं. दुसरा रोपणायोग्य नव्हता, तो डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवला होता. कोणाला दिला ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे. दादाला दुसऱ्या डोळ्याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं. शिकणाऱ्या हातांनाही काहीतरी लागतंच.

त्यानंतरच्या पाडव्याला आमच्या घरी वर्षाच्या आत सण नव्हता, गुढी उभारायची नव्हती. मी बाबांना घाबरतच विचारलं, फडके रोडवर काकांच्या टेबलाशी बसायला जाऊ का? ते म्हणाले, "सण करायचा नाही, कामाला काय हरकत आहे?" ढोलताशांच्या आवाजात घसा ताणून बोलावं लागत होतं. बहुतेक लोक संकल्पपत्र भरून समाधानाने निघून जायचे. मी प्रत्येकाला परत बोलावून सांगत होते की हा कागद कपाटात ठेवू नका. घरातल्या दोघांना तरी सांगा. नेत्रपेढीचा नंबर भिंतीवर लावा. घरात आजारी माणूस असेल तर त्याची फाइल हाताशी ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, रात्री बोलावलं तर येऊन दाखला देतील का. या शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकतात. एक बाई म्हणाल्या, "असं कसं विचारायचं हो, अशुभ वाटतं." मी त्यांना आमच्या रात्रीबद्दल सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचं नाव पत्रकाच्या मागे लिहून घेतलं.

आता रात्रीच्या फोनच्या पाळीत आम्ही चौघं आहोत. काकांना जिने चढवत नाहीत, त्यामुळे ते फोनवर असतात आणि आम्ही जातो. माझ्या पहिल्या पाळीत पहाटे तीनला एक मुलगा बोलला, विशीतला असावा. वडील गेले होते. त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. मी त्याला थोडा वेळ दिला. त्याच्या मागे पंख्याची घरघर फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती.

"बाळा, आधी पंखा बंद कर," मी म्हटलं. "मी निघतेय."